हातात पाना, समोर माणूस

१९८० च्या आसपास दिघीत एखाद्या पोराने पुढे काय करायचं, यावर फार चर्चा होत नसे. गाव तेव्हा गावच होतं. एका अंगाला लष्कराची तारेच्या कुंपणातली जमीन, दुसऱ्या अंगाला ज्वारी-बाजरीची रानं, वर डोंगरावर दत्तगड आणि सायकलने सहज गाठता येईल एवढ्या अंतरावर भोसरीची एमआयडीसी. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली निघालं. त्याच दशकात टेल्को पिंपरीत उभी राहिली, बजाज आकुर्डीत रुजली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स तर १९५४ पासूनच पिंपरीत होती. त्यामुळे आमच्या पिढीचा रस्ता आखलेला होता. दहावी झाली की आयटीआय, आयटीआय झालं की अप्रेंटिस, आणि नशिबात असेल तर परमनंट. ‘पोरगा टेल्कोत परमनंट आहे’ एवढ्यावर सोयरीक जमायची, पत्रिका मागाहून बघितली जायची.

मी फिटर झालो, कारण त्या वर्षी फिटरला जागा होत्या. शेजारचा टर्नर झाला, मामाचा मुलगा मोटर मेकॅनिक. आवडीनिवडीचं कुणी विचारलं नाही. पण आज मागे बघताना वाटतं, आमच्यातलं कुणीच असं म्हणत नसे की मला मशीन कळतं, माणसांशी बोलायला मात्र जमत नाही. मशीनचं काम आणि माणसांचं काम या दोन वेगळ्या नोकऱ्या असू शकतात, हे आमच्या कानावरच आलेलं नव्हतं.

मध्यंतरी आमच्या सोसायटीतली एक मुलगी घरी आली. मेकॅट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, हातात नोकरीची दोन पत्रं. म्हणाली, “काका, मला मशीन उघडून बघायला आवडतं. पण दिवसभर एकटीने स्क्रीनपुढे बसायचं माझ्याच्याने होणार नाही. आणि नुसतं सेल्सही नको. यांच्या मधलं काही असतं का?” मला तिचा प्रश्न फार आवडला. आमच्या काळी जवळजवळ सगळीच कामं त्या ‘मधल्या’ जागेत होती. ती कधी आणि कशी तुटत गेली, हे तिला नीट सांगावं असं वाटलं, आणि सांगता सांगता बरंच काही आठवत गेलं.

पहिले आठवले ते टीव्हीवाले काका. पुण्याला दूरदर्शन दिसायला लागलं ते १९७३ मध्ये, सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे. दिघीत संच यायला आणखी काही वर्षं गेली, आणि आले तेव्हा साऱ्या आळीत एखादाच. तो बिघडला की भोसरीहून काका सायकलवर यायचे. हॅन्डलला कातडी पिशवी, पिशवीत सोल्डरिंग आयर्न, मीटर, दोन-तीन व्हॉल्व्ह कागदात गुंडाळलेले. आल्या आल्या ते संच उघडत नसत. आधी विचारायचे, “काय झालं तेव्हा काय लावलं होतं? आधी आवाज गेला की चित्र? वास आला होता का?” घरातली आजी, सून, पोरं, सगळी एकदम बोलायची. काका सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, पोरांचंसुद्धा, कारण टीव्हीच्या सगळ्यात जवळ पोरं बसत. मग मागचं झाकण काढायचे आणि बहुतेक वेळा हात थेट बिघाडाच्या जागी जायचा. आम्हाला ती जादू वाटायची. पुढे मी स्वतः दुरुस्तीच्या धंद्यात पडलो तेव्हा उमगलं की निम्मं निदान त्यांनी झाकण उघडण्यापूर्वीच केलेलं असायचं. जाताना ते संच कसा झाकायचा, व्होल्टेज कमी-जास्त झालं तर काय करायचं, हे आजीला तिच्या भाषेत समजावून जात. पैशाची अडचण असेल त्या घरी ‘पगार झाल्यावर द्या’ म्हणत, आणि लोक पगार झाल्यावर खरोखर नेऊन देत.

दुसरे, आळंदी रस्त्यावरचे स्कूटर मेकॅनिक. बजाजची चेतक १९७२ साली आली. नंबर लावला की वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, त्यामुळे ज्याच्या दारात चेतक त्याचा जीव तिच्यात अडकलेला. ती बंद पडली की आधी कलती करायची, मग किक. नाहीच झाली तर मेकॅनिककडे ढकलत. तिथे मालक बाकड्यावर बसून सगळं डोळ्यांनी बघायचा. प्लग काढला, काजळी दाखवली. “साहेब, ऑइल जास्त पडतंय, पंपावर मापाने घालून घ्या.” पॉइंट घासला, कार्बोरेटर खोलून फुंकला, क्लचची तार बदलली. प्रत्येक भाग मालकाच्या हातात देऊन दाखवायची त्या माणसाची पद्धत होती. तो म्हणायचा, मालकाला गाडी समजली तर ती माझ्याकडे कमी येईल, पण मालक दुसरीकडे जाणार नाही. आषाढी वारीत माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला जाते ती दिघीवरूनच. आदल्या रात्री दिंड्यांच्या सामानाचे ट्रक त्याच्या दुकानासमोर उभे राहायचे. मराठवाड्यातून आलेला थकलेला ड्रायव्हर, तापलेलं इंजिन, मागे दिंडीची घाई. तो शांतपणे आधी ड्रायव्हरला चहा द्यायचा. मला वाटायचं, हा भक्तिभाव आहे. भक्तिभाव तर होताच. पण चहा पिताना ड्रायव्हर घाटात काय झालं ते सांगायचा, आणि तेच ऐकायचं असायचं.

आयटीआयमध्ये पहिले महिने नुसती कानस. लोखंडाचा तुकडा बेंच व्हाइसमध्ये धरायचा आणि काटकोनात येईपर्यंत घासायचा. हातांना फोड. जुनी माणसं सूतात बोलायची, म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमचे सर मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाबद्दल बोलत आणि मायक्रोमीटर हातात द्यायच्या आधी हात पुसायला लावत. हे झालं शिक्षण. खरी शाळा त्यानंतर, अप्रेंटिस म्हणून एका उस्तादाच्या हाताखाली लावलं तेव्हा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने आम्हाला कारखान्यात जागा मिळाली, पण कायद्यात उस्तादाचा उल्लेख कुठे असणार? आमचे उस्ताद सातवी शिकलेले. ड्रॉइंग वाचताना ओठ हलायचे. पण मेंटेनन्सला कुठे जायचं झालं की ते आधी त्या मशीनच्या ऑपरेटरशेजारी जाऊन उभे राहत. मशीनकडे बघत नसत, त्याच्याकडे बघत. “काय म्हणतीय रं तुझी?” असं विचारत. ऑपरेटर मशीनबद्दल बायकोबद्दल बोलावं तशा जिव्हाळ्याने सांगायचा. उस्तादांनी मला एक नियम घालून दिला होता: बिघाड सापडला तरी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचा नाही, आधी ऑपरेटरला सांगायचा, मग साहेबाला. चूक त्याची असली तरी. विशेषतः चूक त्याची असली तर.

जर्मनीत कारागिराला ‘माइस्टर’ व्हायचं असेल तर परीक्षेचे चार भाग असतात. हाताचं काम, त्यामागचं शास्त्र, धंद्याचे हिशेब आणि कायदा, आणि चौथा भाग शिकाऊंना शिकवण्याचा. हा चौथा भाग पास झाल्याशिवाय माणूस कितीही कुशल असला तरी त्याला माइस्टर म्हणत नाहीत. फोक्सवॅगन चाकणला २००९ मध्ये आली तेव्हा हे ऐकून मला माझे उस्ताद आठवले. तो चौथा भाग त्यांनी कुठेही परीक्षा न देता पुरा केला होता, आणि त्यांच्यासारखे अनेक जण भोसरीच्या प्रत्येक गल्लीत होते.

जुन्या दिवसांचं कौतुक करताना त्या मुलीला मी हेही सांगितलं की ते सगळे दिवस गोड नव्हते. मजुराशी तुसडेपणाने बोलणारे फोरमन तेव्हा भरपूर होते. १९८९ च्या सप्टेंबरात टेल्कोचे कामगार राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि शेवटी पोलिसांनी त्यांना तिथून उचललं. त्या दिवसांत पिंपरीपासून दिघीपर्यंत घराघरांत ताण होता, एकाच घरात एक भाऊ संपात आणि दुसरा कामावर अशीही उदाहरणं होती. देशातला उत्तम ट्रक बनवणाऱ्या पट्ट्यात माणसांमधलं बोलणं मात्र थांबलेलं होतं. दोष कुणाचा, हा वाद अजूनही जुन्या कामगारांत चालतो आणि मी त्यात पडत नाही. मला त्यातून दिसलं ते इतकंच, की मशीन उत्तम जाणणारी माणसं दोन्ही बाजूंना असूनसुद्धा असं होऊ शकतं.

मुलींसाठी तर ते दिवस बंद दाराचेच होते. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. ते वाचून सुधा कुलकर्णी नावाच्या इंजिनिअर मुलीने जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. पुण्याला मुलाखत झाली आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर पहिली स्त्री इंजिनिअर रुजू झाली. पुढे सुधा मूर्ती म्हणून त्यांना सगळ्यांनी ओळखलं. हा किस्सा हल्ली धिटाईचा म्हणून सांगतात. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. त्या मुलीकडे तांत्रिक पदवी होतीच, पण आपलं म्हणणं नेमक्या माणसाला, एका कार्डावर मावेल इतक्या थोडक्यात पोहोचवण्याची समजही होती. आज त्याच कंपनीच्या पिंपरीच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारीची जोडणी महिलांच्या लाइनवर होते. सकाळी चाकणच्या आंबेठाण चौकात गणवेशातल्या मुली कंपनीच्या बसमध्ये चढताना दिसतात. हा ‘आता’ मला ‘तेव्हा’पेक्षा निःसंशय आवडतो.

मग बिनसलं कुठे? मला वाटतं, ते सर्व्हिस सेंटरमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतं. गाडी घेऊन गेलात की पुढे काचेच्या खोलीत सर्व्हिस अॅडव्हायझर भेटतो. त्याचा शर्ट स्वच्छ, बोलणं गोड, हातात टॅब. तुमची तक्रार तो लिहून घेतो. गाडी मागे जाते. मागे जो खरा टेक्निशियन असतो त्याला तुम्ही दिसत नाही, आणि तुम्हाला तो. “वळणावर टक् टक् आवाज येतो, पण सकाळीच, आणि मागे कुणी बसलं असेल तरच” हे तुमचं वाक्य त्याच्यापर्यंत ‘नॉइज’ म्हणून पोहोचतं. बाकड्यावरचा मालक आणि त्याच्या हातात प्लग ठेवणारा मेकॅनिक, या दोघांच्या मध्ये एक भिंत आली. पुढच्याला माणसं कळतात, गाडी जेमतेम. मागच्याला गाडी कळते, माणूस भेटतच नाही. बजाजने २००९ च्या अखेरीस स्कूटर बंद करायचं जाहीर केलं, आणि चेतक हे नाव परत आलं ते २०२० च्या सुरुवातीला, विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर, या वेळी चाकणच्या कारखान्यातून. तिला कार्बोरेटर नाही, पॉइंट नाही, कलती करायची गरज नाही. बिघाड लॅपटॉपला जोडून वाचता येतो. दुरुस्ती सोपी झाली असं वाटतं. पण बॅटरीची रेंज कमी का येते हे शोधायला आजही विचारावं लागतं की रोज कुठला चढ चढता, रात्री कुठे चार्जिंगला लावता, मागे किती जण बसतात. लॅपटॉप तेवढं विचारत नाही.

दुसरी भिंत कंत्राटी कामाची. आमच्या वेळी उस्ताद आणि शिकाऊ वर्षानुवर्षं एका बेंचवर असत. आता चाकणमध्ये कितीतरी मुलांना सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळतो आणि ती दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या लाइनवर जातात. शेजारच्याचं नाव कळेपर्यंत तो गेलेला असतो. अशा ठिकाणी ऑपरेटरच्या शेजारी उभं राहून त्याच्याकडे बघणं कोण कुणाला शिकवणार? आयटीआयच्या अभ्यासक्रमात आता ‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’ हा विषय आहे. मी त्याच्या विरुद्ध नाही. इंग्रजीत चार वाक्यं, मुलाखत कशी द्यायची, ईमेल कसा लिहायचा, हे खेड्यातून आलेल्या मुलाला कुणीतरी सांगायलाच हवं. पण वर्गात शिकलेलं बोलणं आणि बंद पडलेल्या मशीनसमोर, मागे सुपरवायझर घड्याळ बघत उभा असताना करायचं बोलणं यांत फार अंतर आहे. दुसरं फक्त कामावर येतं, आणि कुणाच्या तरी हाताखाली येतं.

माझी बहुतेक नोकरी भोसरीतल्या एका मशीन बनवणाऱ्या कारखान्याच्या सर्व्हिस विभागात गेली. ग्राहकाकडे मशीन बसवायचं, चालू करून द्यायचं, बिघडलं की जायचं. नाव सर्व्हिस इंजिनिअर. मी म्हणेन, यंत्र आणि माणूस दोघांची ओढ असणाऱ्यासाठी या पट्ट्यात याहून चांगलं काम मला दिसलेलं नाही. त्यातली एक केस त्या मुलीला सविस्तर सांगितली.

एका छोट्या कारखान्यातून सीएनसी लेथची तक्रार होती. साइज हलते, बोअर मापात येत नाही, जॉब रिजेक्ट होतात. मालक म्हणत होते, स्पिंडलचं बेअरिंग गेलंय, बदलून द्या. आमचा एक माणूस आधी जाऊन आला होता. मी गेलो, डायल लावून चकचा रनआउट बघितला, बॉलस्क्रूचा बॅकलॅश बघितला, टरेट तपासला. सगळं ठीक. मशीनकडून उत्तर येत नव्हतं. ऑपरेटर तरुण होता, प्रत्येक प्रश्नाला “माहीत नाही सर” म्हणत होता आणि म्हणताना सुपरवायझरकडे बघत होता. त्याला काहीतरी ठाऊक आहे, हे कळायला डायल लागत नाही.

चहाच्या वेळी लोखंडाची बर झाडून गोळा करणाऱ्या मावशी शेजारी बसल्या होत्या. मी त्यांना सहज म्हटलं, “मावशी, रिजेक्टचं लाल क्रेट रोज तुम्हीच उचलता का? रोज भरतं का?” त्या म्हणाल्या, “रोज कुठलं हो साहेब. शुक्रवारी. बाकीच्या दिवशी दोन-चार असत्यात.” या पट्ट्यातल्या कुणालाही एवढ्यावर कळेल. भोसरीत छोट्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. बुधवारी रात्री बंद केलेलं मशीन शुक्रवारी सकाळी गार पडलेलं असतं. चालू झालं की स्पिंडल तापतं, धातू पसरतो, मापं हळूहळू सरकतात, आणि तापमान स्थिर झालं की थांबतात. त्यासाठीच सुरुवातीला मशीन मोकळं फिरवायचा वॉर्म-अप प्रोग्रॅम असतो. तो इथे कुणी चालवत नव्हतं. पहिल्या तासातला आकडा भरला नाही तर बोलणी बसत होती, म्हणून मशीन चालू केलं की लगेच जॉब.

बेअरिंग चांगलं होतं, हे मालकांना सांगणं सोपं होतं. कठीण होतं ते कुणाची नोकरी न घालवता सांगणं. ऑपरेटरला बाजूला घेऊन म्हटलं, “मला तू सकाळी मशीन कसं चालू करतोस ते करून दाखव.” विचारलं नाही, करून दाखव म्हटलं. त्याने दाखवलं आणि मग आपणच बोलायला लागला. सुपरवायझरशी वेगळं बोललो. त्याच्यावर वरून काय दाब आहे तेही ऐकलं. शेवटी मालकांसमोर जाऊन म्हणालो, “मशीनमध्ये एक बदल करून देतो. बराच वेळ बंद राहिलं असेल तर वॉर्म-अप पुरा झाल्याशिवाय ते ऑटोमध्ये जाणारच नाही. पहिली वीस मिनिटं जातील, पण क्रेट भरणार नाही.” त्यांनी हिशेब केला आणि मान्य केलं. कुणाचं नाव निघालं नाही. पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम फोन केला. मापं बसत होती.

“यातलं टेक्निकल किती आणि माणसांचं किती?” मुलीने विचारलं. मला तसे भाग पाडता आले नाहीत. धातू तापला की पसरतो हे ठाऊक नसतं तर मावशींचं वाक्य माझ्या कानावरून गेलं असतं. आणि मावशींशी बोललोच नसतो तर सगळं शास्त्र डोक्यात असून मी बेअरिंग बदलून आलो असतो.

यंत्र आणि माणूस दोन्ही एकत्र जाणणं हे महाराष्ट्रात काही आमच्या पिढीने शोधलेलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा शेतकऱ्यांना भीती होती की लोखंडाने जमिनीत विष भिनेल. नांगर उत्तम होता, पण पहिला विकायला दोन वर्षं गेली असं सांगतात. ओतकाम आणि पोलाद यांच्याइतकंच त्यांना शेतकऱ्याच्या मनातल्या भीतीशी झगडावं लागलं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमच्या शेजारी खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली सुरू झालं, आणि ती इंजिनं ज्या विहिरींवर बसली तिथे इंजिन चालू करून, शेतकऱ्याच्या हातात हँडल देऊन, त्याच्याकडून चालू करून घेणारी माणसं गावोगाव हिंडली असणारच. त्याशिवाय इंजिन विहिरीवर टिकत नाही.

दिघीतच बघा. १९६२ पासून इथे संरक्षण संशोधनाची आर अँड डी ई ही संस्था आहे. लष्करासाठी नदी-नाल्यांवर झटपट टाकायचा सर्वत्र पूल, बॉम्ब निकामी करायला दुरून चालवायचा दक्ष यंत्रमानव, ही तिथलीच कामं. कुंपणाआड काय चालतं हे आम्हा गावकऱ्यांना दिसत नसे. पण एवढं नक्की की बॉम्बजवळ जाणाऱ्या जवानाचे हात कसे चालतात, अंगावरच्या जड पोशाखात त्याला कुठलं बटण दाबता येतं आणि कुठलं नाही, हे समजून घेतल्याशिवाय असं यंत्र उपयोगाचं होत नाही. १९९४ मध्ये त्याच दिघीच्या टेकड्यांवर आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आलं आणि देशभरातली फौजी घरांतली मुलं इथे इंजिनिअरिंगला यायला लागली. १९९७ मध्ये दिघी पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. रानं गेली, इमारती आल्या, आणि आता चहाच्या टपरीवर पंजाबी, मल्याळी, मराठवाडी, सगळी मुलं एकाच बाकावर प्लेसमेंटबद्दल बोलतात. बदल्यांच्या जगात वाढलेल्या या मुलांना अनोळखी माणसात मिसळायची सवय असते. तरी त्यातली बरीचशी कोडिंगच्याच मागे असतात. मी कधी कधी त्यांना विचारतो, “फिल्डवर जायची नोकरी कुणी बघतंय का?” क्वचित एखादा हात वर होतो.

खरं तर अशी कामं आज आमच्या वेळेपेक्षा जास्त आहेत, फक्त ती जाहिरातीत ओळखू येत नाहीत. अॅप्लिकेशन इंजिनिअर असतो, तो ग्राहकाच्या कारखान्यात बसून कुठलं टूल, किती फीड, कसं फिक्स्चर हे ऑपरेटरसोबत ठरवतो. सप्लायर क्वालिटीवाला असतो, तो मोठ्या कंपनीकडून छोट्या वेंडरकडे जातो आणि त्याला सुधारून द्यायचं की नुसतं झापायचं हे त्याच्या स्वभावावर ठरतं. रोबो बसवणारे आहेत. रोबो आला की लाइनवरच्या माणसांच्या पोटात गोळा येतो आणि पहिलं स्पष्टीकरण बसवायला आलेल्या मुलालाच द्यावं लागतं. पिंपरीच्या वायसीएमसारख्या रुग्णालयात बायोमेडिकलचा माणूस डायलिसिसचं मशीन दुरुस्त करतो, आणि मध्यरात्री अलार्म वाजला तर काय करायचं हे नर्सला घाबरवून न सोडता समजावतो. आयटीआयचे निदेशक आहेत. मोरवाडीच्या महापालिकेच्या आयटीआयसारख्या ठिकाणी चांगल्या निदेशकाची एक बॅच म्हणजे कितीतरी घरं. या सगळ्यांची मला मनापासून कदर आहे.

मुलीच्या हातातल्या दोन पत्रांपैकी एक डिझाइनचं होतं, हिंजवडीत, बसून कॅडवर काम, पगार थोडा जास्त. दुसरं एका ऑटोमेशन कंपनीच्या सर्व्हिसचं. चाकण, तळेगाव, रांजणगाव हा पट्टा, कधी रात्रीचा कॉल. मी तिला म्हटलं, पगार बघच, पण मुलाखतीत आणखी काही विचारून घे. पहिलं वर्ष कुणाच्या हाताखाली जाणार, आणि ते माणूस किती वर्षं तिथे आहे? ग्राहकाशी तू स्वतः बोलणार की तुझा रिपोर्ट दुसरा कुणी वाचून दाखवणार? बिघाड सापडला की पुढचं डिझाइन करणाऱ्यांना ते सांगायची काही सोय आहे का? पहिल्या प्रश्नाला धड उत्तर मिळालं नाही तर पत्र बाजूला ठेव. हाताखाली शिकायला माणूस नसेल तर फिल्डची नोकरी नुसती वणवण होते.

तिची आई रात्रीच्या कॉलने धास्तावली होती. मी घरी जाऊन त्यांच्याशी बोललो. “ताई, तुमची भीती खरी आहे,” एवढंच आधी म्हणालो, कारण खरीच आहे. मग मुलीने त्यांच्यासमोर कंपनीच्या मॅनेजरबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्या स्वतः फिल्डवरून वर गेलेल्या होत्या. रात्रीच्या कॉलला दोघं जातात, कंपनीची गाडी असते, पोहोचल्याचा आणि निघाल्याचा निरोप ऑफिसला द्यावाच लागतो, आणि पहिले सहा महिने ती एकटी कुठेच जाणार नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. ताईंनी त्यांना सरळ विचारलं, “तुम्हाला कधी भीती वाटली का?” त्या म्हणाल्या, “वाटली. म्हणून तर हे नियम केले.” ताईंनी फोन मुलीकडे परत दिला आणि रुजू व्हायची तारीख विचारली.